गॅरेजची हवा पिऊन जळणारा हीटर नको

नोव्हेंबर सरत आला की डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आणि गॅरेजात सुतारकामाचा नाद असलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला: "हीटर कुठला घेऊ?" उन्हाळ्यात हाती घेतलेला देव्हारा अर्धाच झालेला असतो, बाहेर बर्फ पडायला लागलेलं असतं आणि हातमोजे घालून रंधा मारायची पाळी आलेली असते. दुकानात हीटरची रांगच मांडलेली दिसते. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर हीटरच्या किमतीत किंवा कंपनीत सापडत नाही. आधी गॅरेज काय चीज आहे ते बघायला लागतं.

गॅरेज ही घराची खोली नव्हे. अमेरिकेतला बांधकामाचा कोड त्याला घराला चिकटलेलं असूनही मुद्दाम वेगळं ठेवतो. मधल्या भिंतीला गॅरेजच्या बाजूनं किमान अर्धा इंच जाडीचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा तक्ता, हवा. वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंचाचा, आगीला जास्त वेळ दाद न देणारा. मधलं दार भरीव किंवा वीस मिनिटं आग थोपवणारं. गॅरेजातून थेट बेडरूममध्ये उघडणारं दार तर चालतच नाही. एवढं सोवळंओवळं पाळायचं ते गाडीचा धूर, पेट्रोलची वाफ आणि आग घरात शिरू नये म्हणून.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ज्या हीटरची ज्योत गॅरेजातली हवा घेऊन जळते, तो वर्कशॉपला नको. एक तर ज्योतच नको, म्हणजे विजेवर चालणारा हीटर घ्या. नाहीतर ज्योत बंद पेटीत असलेला घ्या, तिला लागणारी हवा पाइपानं बाहेरून येईल आणि धूर पाइपानं बाहेर जाईल असा. हा आग्रह कशासाठी, ते गॅरेजच्या हवेत काय काय मिसळलेलं असतं हे पाहिलं की कळेल.

कोपऱ्यात स्नो ब्लोअर असतो, शेजारी पेट्रोलचा कॅन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट ते चौपट जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते. कॅनचं झाकण नीट बसलं नसेल तर ती पंधरा फूट लांबच्या ठिणगीपर्यंतही पोचू शकते. "एवढ्या थंडीत पेट्रोल कुठलं पेटतंय" हा समज चुकीचा आहे. उणे ४३ अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं आणि एवढी थंडी डेट्रॉइटला पडत नाही. म्हणूनच कोड सांगतो की गॅरेजात ज्योत किंवा ठिणगी निर्माण करणारा भाग जमिनीपासून किमान १८ इंच वर हवा, म्हणजे साधारण गुडघ्याच्या उंचीवर. आता दुकानातला तो जमिनीवर ठेवायचा, नळीच्या एका तोंडातून भडका फेकणारा 'टॉर्पेडो' हीटर आठवा. तो बांधकामाच्या उघड्यावाघड्या जागेसाठी बनवलेला असतो. त्याची ज्योत नेमकी त्या अठरा इंचांच्या आत जळते आणि त्याचा पंखा जमिनीलगतची हवा ओढून तिच्यावर घालतो. थिनर, अ‍ॅसिटोन आणि लाखेचं सगळं सामान याच हिशोबातलं आहे. अ‍ॅसिटोन उणे वीसलाही पेट घेतं.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. पुण्या-मुंबईकडे बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. प्रकार तोच आहे. खिडकी बंद, ज्योत चालू, खोलीतला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. शनिवारी दुपारी चार तास एकट्यानं काम केल्यावर हे सगळं थकव्याच्या किंवा फ्लूच्या नावावर सहज खपून जातं. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेनं दरवर्षी ४०० हून अधिक माणसं जातात.

"माझ्या हीटरवर सेन्सर आहे" असं यावर हमखास ऐकायला मिळतं. छोट्या प्रोपेन हीटरवर असतो तो सेन्सर ऑक्सिजन मोजतो. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास घसरला की तो गॅस तोडतो. कार्बन मोनॉक्साइड तो मोजत नाही. बर्नरवर भुशाचा थर बसून ज्योत पिवळी पडली असेल, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विष तयार होऊ शकतं, आणि सुतारकाम करताना भुसा तर सगळीकडेच असतो.

भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लोकांना वाटतो तेवढा तिखट नसतो. अमेरिकन मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, असेल तर तो एक ते चार तासांच्या दरम्यान कधीतरी वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत आणि ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. पुन्हा बहुतेक अलार्म ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली भरवशाचे राहत नाहीत. तेव्हा अलार्म घराच्या आत, गॅरेजच्या दाराजवळ आणि झोपायच्या खोल्यांबाहेर लावा. गॅरेजात मात्र धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा अलार्म योग्य. धुराचा अलार्म भुशानंच रोज बोंबलेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं: एक किलो गॅसमागे साधारण १.६ किलो वाफ. बार्बेक्यूला लावतात ते सिलिंडर, म्हणजे सुमारे ९ किलोचं, भारतातल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरहून लहानच. ते संपेपर्यंत जवळजवळ १५ लिटर पाणी तुमच्या वर्कशॉपच्या हवेत सुटलेलं असतं. हीटर पेटवून तासभर झाला की टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीच्या, बिडाच्या पाट्यावरून बोट फिरवून पाहा. हवा तापलेली असते, पण दीडदोनशे किलोचं लोखंड अजून थंडगार असतं आणि त्यावर दव धरलेलं असतं. बोटाची रेघ उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी नारिंगी ठिपके दिसतात. मग लोक मेण लावतात, गंज काढायचा स्प्रे आणतात, टेबलावर झाकण घालतात, पण त्या हीटरला कोणी दोष देत नाही.

आणि मग डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून घेणारं यंत्र. चोवीस बाय चोवीस फुटांचं, नऊ फूट उंचीचं दोन गाड्यांचं गॅरेज धरलं तर आत पाच हजारांवर घनफूट हवा असते. मिनिटाला हजार घनफूट हवा ओढणारा कलेक्टर ती बाहेर सोडत असेल, तर पाच मिनिटांत गॅरेज अख्खं रिकामं. ती हवा कुठून तरी भरून यायला हवी ना? दारं बंद असतील तर ती मिळेल तिथून येते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे चिमणी. गॅरेजात किंवा त्याला लागून जुन्या पद्धतीचा, हुडचा (धुराच्या पाइपाच्या तळाशी उघडी टोपी असलेला) गॅस वॉटर हीटर असेल तर त्याचा धूर वर जायच्या ऐवजी उलटा खाली उतरतो. हे तपासायला उदबत्ती पुरते. पेट्रोल, थिनर, भुसा सगळं दूर ठेवून, दारं लावून, वॉटर हीटर पेटलेला असताना त्याच्या हुडच्या कडेशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. मग कोणाला तरी कलेक्टर चालू करायला सांगा. धूर तोंडावर आला तर तो कलेक्टर दारं बंद ठेवून पुन्हा चालवू नका.

पैशांच्या हिशोबानंही हवा बाहेर फेकणं परवडत नाही. बाहेर आतपेक्षा ५० अंश फॅरनहाइटनं थंड असेल तर तो कलेक्टर तासाला सुमारे ५४,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता बाहेर टाकतो. हा आकडा केवढा आहे ते थोड्या वेळात दिसेल. हिवाळ्यात कलेक्टर चांगल्या, बारीक फिल्टरसह आतल्या आतच हवा फिरवणारा असावा.

मग घरातल्या फर्नेसच्या डक्टलाच एक भोक पाडून गॅरेजात गरम हवा का घेऊ नये? हुशार वाटणारी कल्पना आहे, आणि कोडनं साफ नाकारलेली. घराची हवा पुरवणारी यंत्रणा गॅरेजात हवा सोडूही शकत नाही आणि तिथून घेऊही शकत नाही. फर्नेस बंद असताना त्याच वाटेनं गॅरेजची हवा मुलांच्या खोलीत पोचते.

आता किती उष्णता लागते ते पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. गणित अवघड नाही. भिंतीचं क्षेत्रफळ घ्या, आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकानं गुणा आणि त्या भिंतीच्या आर-व्हॅल्यूनं भागा. आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद. उत्तर तासाला किती बीटीयू बाहेर जातात ते सांगतं. वर धरलेलं गॅरेज आत ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सिअसला ठेवायचं आणि बाहेर ५ फॅरनहाइट, म्हणजे उणे १५ आहे असं समजू. भिंतीत काही भरलेलं नाही, छतावर नुसता ड्रायवॉल, पत्र्याचं मोठं दार, फटींतून येणारा वारा, हे सगळं मिळून तासाला चाळीस हजारांच्या आसपास बीटीयू जातात. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा, एकट्या छताचा असतो. लोक मात्र दाराकडे बघत बसतात, कारण थंड वारा तिथून अंगावर येतो.

छतावर आर-३८ चं इन्सुलेशन घाला, भिंती भरा, दाराला फोमचे तक्ते लावा आणि दाराच्या तिन्ही बाजूंच्या व खालच्या रबराच्या पट्ट्या बदला. तेच गणित बारा हजारांवर येतं. म्हणजे साडेतीन किलोवॅट! अकरा-बारा किलोवॅटचा राक्षस लागणार होता, तिथे भिंतीवर मावेल एवढा विजेचा हीटर पुरतो. म्हणून हीटरचे पैसे आधी छतावर घाला, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आधी हीटरच आणतो.

यात दोन खबरदाऱ्या आहेत. गुलाबी किंवा निळे फोमचे तक्ते भिंतीवर उघडे ठेवायचे नाहीत. ते पेटले की दाट काळा धूर सोडतात, आणि वर्कशॉपात ग्राइंडरच्या ठिणग्या उडतच असतात. त्यांच्यावर अर्धा इंच ड्रायवॉल चढवा. दाराला इन्सुलेशन लावल्यावर दार जड होतं आणि वरच्या स्प्रिंगचा ताण बदलावा लागतो. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. त्या पिळलेल्या स्प्रिंगनं हात मोडलेले आहेत.

विजेचा हीटर म्हटलं की लोक भिंतीतल्या साध्या प्लगचा १५०० वॅटचा आणतात. भारतात २३० व्होल्टला मोठ्या सॉकेटवर तीन किलोवॅटचा गिझर आरामात चालतो, इथे १२० व्होल्टच्या प्लगला तेवढं झेपत नाही. १५ अँपिअरच्या सर्किटवर सलग चालणारा भार १४४० वॅटच्या आत ठेवावा असा संकेत आहे, त्यामुळे १५०० वॅटचा हीटर तिथे आधीच काठावर असतो. त्यातून मिळतात जेमतेम ५,१०० बीटीयू. मग माणूस दुसरा हीटर आणतो, तो त्याच सर्किटवर लावतो आणि ब्रेकर पडतो. मग एक्स्टेंशन कॉर्ड येते आणि तिचा प्लग हाताला गरम लागायला लागतो. गरम प्लग म्हणजे आगीची पूर्वसूचना, तिथेच थांबायचं. असा हीटर थेट भिंतीतल्या प्लगलाच लावावा, सगळ्या बाजूंनी तीन फूट जागा मोकळी ठेवावी आणि खोलीतून बाहेर पडताना बंद करावा.

खरं उत्तर म्हणजे २४० व्होल्टचा, छताला किंवा भिंतीवर पक्का बसवलेला ५ किलोवॅटचा हीटर. तो सुमारे २१ अँपिअर घेतो, त्याला ३० अँपिअरचा ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची तार लागते. परवाना काढून इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. परवान्याशिवाय केलेल्या कामावर पुढे विमा कंपनी बोट ठेवू शकते. त्याच्या जाळीवर आणि पंख्यावर बसलेला भुसा महिन्यातून एकदा, वीज तोडून, व्हॅक्यूमनं काढा. हीटर चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं करपल्याचा वास येतो तो याच भुशाचा.

त्याहून चांगला पण महाग पर्याय म्हणजे मिनी-स्प्लिट हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणतो, म्हणून सौम्य थंडीत एका युनिट विजेत तीन युनिटांची ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत ती दोनावर येते. थंड प्रदेशासाठी बनवलेलं मॉडेल घ्यावं लागतं आणि फिल्टर दर आठवड्याला धुवायची तयारी हवी. उन्हाळ्यात थंडावा मिळतो तो फायदा वेगळा.

नैसर्गिक गॅसची लाइन घरात असेल आणि आठवड्यातून चार-पाच दिवस काम होत असेल, तर छताला टांगायचा, बंद ज्वलनाचा युनिट हीटर उत्तम. खरेदी करताना एवढंच विचारा की याला पाइप किती. धूर बाहेर नेणारा एकच पाइप असेल तर ज्योत तुमचीच हवा घेते. दोन पाइप, किंवा एकात एक बसवलेले दोन, असतील तर ती बाहेरची हवा घेते. दोन पाइपांचा काहीशे डॉलरनं महाग पडतो. भुसा, थिनरची वाफ, कलेक्टरनं ओढलेली हवा, या सगळ्या भानगडी त्या काहीशे डॉलरमध्ये मिटतात. लाइन जोडायचं काम परवानाधारकाचंच.

ट्रकसाठी बनवलेले डिझेल हीटर आजकाल गॅरेजात फार दिसतात. स्वस्त असतात आणि धूर बाहेर काढतात हे खरं. पण ज्योतीची हवा आतूनच घेत असतील तर प्रश्न अर्धाच सुटतो, धुराचा पाइप लाकडी भिंतीतून नेताना ती भिंत पेटण्याइतका तापतो, आणि बहुतेकांना इमारतीत वापरायची मान्यताही नसते. मी त्यांच्या वाटेला जात नाही. लाकडाची शेगडी तर राहत्या घराच्या गॅरेजात आगसुरक्षेच्या नियमांनीच वर्ज्य आहे, कितीही भुसा आणि तुकडे फुकट जळण म्हणून पडलेले असोत.

गॅरेज किती गरम ठेवायचं, यावर लोक घरासारखं सत्तर फॅरनहाइट धरतात. त्याची गरज नाही. अंगात दोन थर असतील तर ५५ ला हात मोकळे चालतात. खरी अडचण शरीराची नसून गोंदाची असते. सुतारकामाच्या पिवळ्या गोंदाला किमान तापमान लागतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, साधारण ४७ ते ५५ फॅरनहाइटच्या दरम्यान. त्याखाली तो वाळतो, पण पांढरा, खडूसारखा भुसभुशीत होऊन, आणि सांध्यात जोर राहत नाही. इथे हवा गरम असून भागत नाही, लाकूडही गरम हवं. म्हणून सांधे जोडायच्या आदल्या रात्री लाकूड घरात आणून ठेवा, क्लॅम्प लावून झाल्यावर तो तुकडाही घरात न्या. गोंद आणि पाण्यावरचे रंग हिवाळाभर घरातच असू द्या, एकदा गोठलेला रंग परत जुळत नाही. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्याही आत आणा. शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज केल्या तर आत लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते, प्रसंगी धोकादायक होते.

काम नसतानाही थर्मोस्टॅट ४५ फॅरनहाइटवर ठेवला तर लोखंड कधीच पुरतं थंड पडत नाही, मग दवही धरत नाही. रिकामं गॅरेज तापवायचं म्हणजे उधळपट्टी वाटते, पण इन्सुलेशन झालेलं असेल तर बिलात फार फरक पडत नाही आणि टेबल सॉचा पाटा चकचकीत राहतो.

पॉलिशचा दिवस मात्र वेगळा. लाख किंवा थिनरवालं काहीही मारायचं असेल तर आधी जागा तापवून घ्या, हीटर ब्रेकरपासून बंद करा, आणि मग डबा उघडा. वास पूर्ण जाईपर्यंत हीटर चालू नको. त्यातल्या त्यात हिवाळ्यात पाण्यावरचं पॉलिश वापरणं शहाणपणाचं, नाहीतर ते काम एप्रिलवर ढकला. जवसाचं तेल लावलेली फडकी हा आणखी निराळा प्रकार आहे. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि ढीग ठिणगीशिवाय आपोआप पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच फडक्यांनी पेटली आणि तीन अग्निशमन जवान गेले. गरम गॅरेजात ही क्रिया आणखी वेगानं होते. फडकी एकेक सुटी करून बाहेर कुंपणावर वाळत टाका, कडक झाली की फेका. बाहेर टाकणं जमत नसेल तर झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, आणि तो डबा गोठणार नाही अशा जागी असू द्या.